वही लिहिणाराच सापडतो

आमच्या सराफी दुकानात विक्रीचा सगळा हिशेब संगणकावर आहे, पण मोडीची, म्हणजे लोकांकडून घेतलेल्या जुन्या सोन्याची वही अजून हातानं लिहिली जाते. ती मी लिहिते, कारण मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं अक्षर आता मामांनाच लागत नाही. तारीख, नाव, गाव, मोबाइल, आधारचे शेवटचे चार आकडे, नगाचं वर्णन, वजन, टंच म्हणजे सोन्याचा कस, दर, रक्कम, पैसे कसे दिले, आणि शेवटी सही नाहीतर अंगठा. शिवाय नग काट्यावर ठेवून, वजनाचा आकडा दिसेल असा फोटो काढायचा. हा शेवटचा उद्योग मी सुरू केला. मामा पहिल्यांदा हसले होते. आता मी विसरले तर तेच आठवण करतात.

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या बाईंची साखळी देवळाच्या रस्त्यावर हिसकावली गेली. घरी भेटायला गेले, तर तिथं बसलेले एक काका माझ्या तोंडावर म्हणाले, "चोर काय करतील ओ, घेणारे आहेत म्हणून विकणारे आहेत. सराफांवर कायदा कडक करा, चोऱ्या आपोआप थांबतील." घर दुःखात होतं, मी गप्प बसले. इथं मात्र बोलते. काकांचं निम्मं म्हणणं खरं आहे. पण आमच्यावर कायदाच नाही असं कुणी समजत असेल, तर ते चूक.

मुंबई पोलीस अधिनियम १९५१चा, आता त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याचं १२६ वं कलम आमच्यासारख्यांसाठीच आहे. गहाण घेणारे, जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री करणारे आणि धातूचं काम करणारे, या सगळ्यांना ते लागू. चोरीला गेलेल्या मालाचं वर्णन पोलिसांनी लेखी किंवा छापील कळवलं, आणि तसा माल तुमच्याकडे असला, आला किंवा कुणी दाखवायला जरी आणला, तरी ताबडतोब कळवायचं आणि आणणाऱ्याचं नाव-पत्ता काढायचा प्रयत्न करायचा. नाही कळवलं तर दंड. मूळ कायद्यात तो नगामागं ५० रुपयांपर्यंत. पुढचं १२७ वं कलम मात्र चेष्टेचं नाही: कळवल्यानंतरही तो माल वितळवला, मोडला, रूप बदललं किंवा दडवला आणि तो चोरीचाच निघाला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. १२८ व्यात चौदा वर्षांखालच्या मुलाकडून काहीही गहाण घ्यायला बंदी, आणि मालकाला न कळवता विकत घ्यायलाही.

ज्यानं कुणी हे लिहिलं त्याला आमचा धंदा नीट कळत होता. न कळवल्याला पन्नास रुपये आणि आटवल्याला तीन वर्षं, हा फरक उगाच नाही. मंगळसूत्र चोरीला गेलं आणि सराफाच्या कपाटात तसंच पडून राहिलं, तर ते आज ना उद्या सापडेल. एकदा मुशीत टाकलं, वर टाकणखार भुरभुरला आणि भट्टीचा जाळ लावला, की चहा येईपर्यंत त्याची लगड, म्हणजे सोन्याची नुसती कांडी होते. मग ते कुणाचंच नसतं. चोरी रस्त्यावर होते, पण ती पक्की होते मुशीत.

उमेदीची सगळी वर्षं मामांनी परमुलखात गलाईत, म्हणजे सोनं आटवून शुद्ध करायच्या धंद्यात काढली. आमच्या विटा-खानापूर-आटपाडी पट्ट्यात भावकीतलं कुणीतरी केरळात, तामिळनाडूत, बिहारात नाहीतर बंगालात भट्टी लावून बसलेलं नाही, असं घर शोधून सापडायचं नाही. जमीन होती, पाणी नव्हतं. पोरगं दहावी झालं की चुलत्या-मामाच्या दुकानात रवाना. तिथल्या सोनारांची मोड, काम करताना पडलेला कीस, दुकान झाडून गोळा केलेली धूळ, हे सगळं आटवायचं, तेजाबात धुवायचं आणि शुद्ध सोनं काढून द्यायचं. माझं माहेरही तसलंच. धाकटा भाऊ अजून तिकडंच आहे.

गलाईवाल्याच्या घरात शाळकरी पोरालाही एक आकडा पाठ असतो: चारशे अकरा, जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम. चोरीचा माल घेणं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम ३१७ झालं, पण फोनवर अजून "अमक्याला चारशे अकरात उचललं" असंच सांगतात. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, अप्रामाणिकपणे घेतला तर गुन्हा, असं ते कलम आहे. वाचायला अगदी रास्त. चालतं कसं, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी भावाच्या दुकानात कुठल्याशा लांबच्या ठाण्याचे पोलीस आले. बरोबर बेड्या घातलेला पोरगा. पोरानं बोट केलं, इथं विकलं. भावानं वही काढली. नोंद होती. नाव, तारीख, वजन, दिलेले पैसे, सगळं. नग आटवून लगड पुढं गेली होती, तेही त्याच वहीत. ते वाचून साहेब म्हणाले, "म्हणजे कबूल आहे. काढा तेवढं सोनं." पोरानं ठाण्यात पाच तोळे सांगितले होते, वहीत दोनाच्या आतबाहेर. बाकीचं कुठं विकलं ते त्याला आठवेना, म्हणून तेही भावाच्याच अंगावर घातलं. दुकानाबाहेर गर्दी जमलेली, भाऊ परक्या गावात, भाषा येते ती धंद्यापुरती. त्यानं पाच तोळे काढून दिले. ते सोनं त्या दिवशी एका भल्या सोनारानं आटवायला दिलेलं होतं.

त्याच गल्लीत आणखी एक दुकान आहे. पोरगा आधी तिथं गेला होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. पोलीस तिथंही गेले. त्या माणसानं हात जोडले, म्हणाला, मी ह्याला ओळखत नाही. वही दाखवा म्हटलं, तर वहीच नाही. पाच मिनिटांत पोलीस बाहेर.

काकांना मला हे सांगायचं होतं. कायदा कडक करताय, करा. पण आजच्या घडीला जो लिहितो तो सापडतो आणि जो लिहीत नाही तो सुटतो. असं असताना नोंदी वाढतील कशा? भावाच्या शेजारपाजारच्या गलाईवाल्यांनी त्या प्रसंगातून काय धडा घेतला असेल, ते सांगायला नको.

आणि त्या पाच तोळ्यांचं कायद्यात काय होतं? आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढ्यापुरतं सांगणं पुराव्यात धरता येतं, हा पुरावा कायद्याच्या जुन्या २७ व्या कलमाचा नियम. पण सापडायला तीच वस्तू हवी ना. वजनाला वजन भरून घेतलेलं दुसऱ्याचं सोनं म्हणजे शोध नव्हे. ज्या बाईची साखळी गेली तिला कोर्टात लगड दाखवून "ही तुमचीच का?" विचारणार? आमचे वकील म्हणतात, अशा ठिकाणी खटला पाय घसरून पडतो. कागदावर "मुद्देमाल हस्तगत" लिहिलं जातं, बातमी येते, चोर जामिनावर सुटतो आणि गलाईवाला कोर्टाच्या तारखांना आठशे किलोमीटर रेल्वेनं जातो.

आता "तसं मानायला कारण असताना" यातलं कारण आम्हाला दिसतं का? पुष्कळदा दिसतं. दिसत नाही म्हणणारा सराफ खोटं बोलतो. हिसकावलेली साखळी हातात घेतली की कळते. तिचा फासा, म्हणजे अडकवायचा हूक, लागलेलाच असतो आणि ती भलत्याच जागी तुटलेली असते. तुटल्या जागची कडी ओढून लांबट झालेली, तोंड वासलेलं. अंगावर वापरून तुटलेली साखळी बहुतेक वेळा फाशाजवळ नाहीतर झिजल्या जागी तुटते, आणि तिथली कडी पातळ, गुळगुळीत लागते. मंगळसूत्र असेल तर एकच वाटी, काळे मणी अर्धेमुर्धे, तारेचं टोक पिळवटलेलं. उरलेलं त्या बिचारीच्या मुठीत राहिलेलं असतं. आणि आणणारा माणूस वजन विचारत नाही. खरा मालक आधी वजन विचारतो, मग पुन्हा करायला लावतो, मग "आलोच" म्हणून शेजारच्या दुकानात करून येतो. ज्याला फक्त "किती देताय" एवढंच हवं असतं, त्याला मामा पाणी देतात, बसवतात आणि आधार मागतात. निम्मे तिथूनच उठतात.

पण सगळे जो उपाय सुचवतात, की पावतीशिवाय जुनं सोनं घ्यायचंच नाही, तो सुचवण्याआधी एक दिवस माझ्या जागेवर बसून बघा.

दुपारी दोन-अडीचला बाजार सुस्तावतो, त्या वेळेला बायका येतात. रुमालात बांधलेलं काहीतरी असतं. परवा एक ताई आल्या, कानातले वेल घेऊन. पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पहिला हप्ता भरायचा होता. म्हणाल्या, "वहिनी, आमच्या मालकांना कळू देऊ नका. कळलं तर पैसे पोरीपर्यंत पोचायचे नाहीत." वेल त्यांच्या आईनं लग्नात घातलेले. पावती कुठली? ज्या सोनारानं घडवले तो जाऊनही वर्षं झाली. हे त्यांचं स्त्रीधन, कायद्यानं त्यांचंच, विकायला नवऱ्याची परवानगी लागत नाही. मी आधार बघितलं, वही लिहिली, फोटो काढला. पैसे त्यांच्या खात्यावर नको म्हणाल्या, पासबुक मालकांकडे असतं. मग पोरीच्या खात्यावर टाकले आणि तसं वहीत लिहिलं.

पावतीची सक्ती झाली तर या ताई जातील कुठं? बिनवहीच्या दुकानात. तो त्यांची अडचण ओळखून दर पाडणार, वर टंचात मारणार. म्हणजे चोरासाठी लावलेला फास अडलेल्या बाईच्या गळ्यात. रिझर्व्ह बँकेला हे कळलं होतं. सोनेतारण कर्ज देणाऱ्या कंपन्यांना तिनं २०१३ मध्ये सांगितलं की एका कर्जदाराचे दागिने २० ग्रॅमच्या वर गेले तर मालकीची खातरजमा केल्याची नोंद ठेवा. पण मूळ पावतीच पाहिजे असं नाही, मालकी कशी ठरवली हे कागदावर आणा. याला मी शहाणपणाचा नियम म्हणते.

दुसरं, ही वही कुणी बघायची? त्या ताईंचे मालक उद्या दुकानात आले आणि म्हणाले वही दाखवा, तर मी दाखवणार नाही. पोलीस पत्र घेऊन आले तर दाखवीन. नोंदी सक्तीच्या करायच्या असतील तर हेही नियमातच पाहिजे. नाहीतर तालुक्याच्या गावात कुणाच्या घरी काय अडचण आहे याची यादीच आम्ही तयार करून ठेवू.

ओळखपत्राची सक्ती मला मान्य आहे. रोखीला आळा त्याहून मान्य. आजही १० हजारांच्या वर एका माणसाला एका दिवसात रोख दिली तर आयकर तो खर्च धरत नाही, म्हणून सरळ सराफ मोठ्या मोडीचे पैसे बँकेतूनच देतो. साखळीचोराला बँकेचं नाव काढलं की घाम फुटतो. इंग्लंड-वेल्समध्ये तर २०१३ च्या भंगार कायद्यानं भंगार रोखीनं घ्यायलाच बंदी आहे. तांब्याच्या तारा आणि गटारांची झाकणं कापून नेणाऱ्यांसाठी केलेला बंदोबस्त. आपल्याकडं भंगारवाल्याला कुणी काही विचारत नाही, पण तो वेगळा लेख होईल.

मोबाइलचं उदाहरण लोक हमखास देतात. आमच्या समोरच्या मोबाइलवाल्या पोरानं मला दाखवलं: जुना फोन घेताना त्याचा आयएमईआय क्रमांक १४४२२ वर पाठवला की फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. चोरीची तक्रार करून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर नोंद केली की तो फोन देशात कुठल्याच सिमवर चालत नाही. मे २०२३ पासून हे सगळ्या देशाला खुलं झालं. फोनला जन्माचा नंबर असतो आणि तो खोडणं हाच गुन्हा. सोन्यालाही आता नंबर आलाय, एचयूआयडी, सहा अक्षरा-आकड्यांचा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा नवा नग त्याशिवाय विकता येत नाही. पण त्यातून शुद्धता कळते, सराफ कळतो. गिऱ्हाईक कोण, ते कळत नाही. चोरीला गेलेल्या एचयूआयडींची यादी बघायची तर आमच्या गल्ल्यावर तशी सोय नाही. आणि मुशीत गेलं की तो नंबरही गेलाच. आजीच्या पुतळ्यांच्या माळेला तर नंबरच नाही.

म्हणून सगळं येऊन थांबतं ते आटणीआधीच्या काही दिवसांवर. आमच्याकडं मामांचा जुना रिवाज आहे: या आठवडी बाजाराला घेतलेली मोड पुढच्या बाजारापर्यंत आटवायची नाही. तोवर प्रत्येक नग चिठ्ठी लावून वेगळ्या पुडीत. गलाईत पोळलेल्या माणसाचा रिवाज आहे तो. अमेरिकेत कितीतरी ठिकाणी गहाणवाल्यांना आणि जुना माल घेणाऱ्यांना हेच कायद्यानं करावं लागतं. घेतलेली वस्तू ठरावीक दिवस जशीच्या तशी ठेवायची आणि यादी पोलिसांना द्यायची.

आपल्याकडं मात्र १२६ वं कलम पोलिसांनी कळवल्याशिवाय जागंच होत नाही. आता कळवतात ते व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर. व्हॉट्सअॅपवरचा फोटो "लेखी किंवा छापील"मध्ये बसतो का, यावर मामांचं आणि वकिलांचं एकमत नाही. फोटो तरी कसला? लग्नातला. नवरी सात दागिन्यांनी मढलेली, आणि खाली ओळ: "यातील लांबचे." त्यात चोरीनंतर कधी चार दिवस, कधी दहा दिवस गेलेले असतात. म्हणून वाचणाऱ्यांना एक सांगते, आजच करा: आपले दागिने पांढऱ्या कापडावर एकेक ठेवून फोटो काढा, मागची बाजू आणि फासाही, वजन लिहा, नवीन नग असेल तर एचयूआयडी बिलावर लिहून घ्या. ठाण्यात गेल्यावर हे हातात असलं तर आमच्यापर्यंत त्याच दिवशी काहीतरी ओळखू येण्यासारखं पोचेल.

सावकारीबद्दल थोडक्यात. आमच्याकडं परवाना आहे, २०१४ च्या सावकारी कायद्याखाली. शेतकरी सोडून इतरांच्या तारण कर्जाला व्याज सालाना १५ टक्के, त्याच्यावर एक पैसा नाही, गहाण डागाची, म्हणजे दागिन्याची पावती द्यायची, वह्या निबंधकांना दाखवायच्या. मामा डाग दाराआडच्या कपाटात ठेवतात आणि महिनोन्‌महिने त्याला हात लागत नाही. चोराला असलं ठिकाण परवडत नाही. तो जातो शेकडा पाचनं महिन्यावर देणाऱ्याकडं, जो पावती देत नाही आणि विचारतही नाही. तपासणी मात्र आमचीच होते, कारण पत्ता आमचाच सरकारदरबारी लिहिलेला आहे.

गेल्या महिन्यात तालुक्यातल्या सराफांनी मिळून पोलिसांना द्यायचा अर्ज तयार केला. लिहायला मलाच बसवलं. मोडीची नोंद आणि फोटो सगळ्यांनी ठेवायचा. मोड सात दिवस आटवायची नाही. चोरीचं वर्णन ठाण्यानं चोवीस तासांत एका ठरलेल्या नंबरवरून सगळ्या दुकानांना पाठवायचं. आणि ज्याची नोंद, फोटो, ओळखपत्र आणि बँकेचा व्यवहार जागेवर आहे, त्याच्याकडून नग असेल तर तो रीतसर पंचनामा करून न्यावा. पण नग नसेल तर वजनाला वजन मागू नये. या शेवटच्या ओळीवर टाळ्या पडल्या. सात दिवसांवर भांडण झालं.

लहान सोनार म्हणाले, आमचं भांडवलच दोन तोळ्यांचं, ते सात दिवस पुडीत बांधून ठेवलं तर घडवायला सोनं कुठून आणायचं? २०२५ मध्ये तोळा लाखाच्या वर गेल्यापासून हे आणखी अवघड झालंय. भाव पडला तर तोटा कुणाचा, असं एकानं विचारलं, आणि वाढला तर नफा कुणाचा, असं दुसऱ्यानं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी म्हटलं, तिथं आपल्या संघानं बदली सोनं द्यावं. तेवढ्यावर सगळे एकदम घड्याळ बघायला लागले.

शेवटी अर्ज मामांपुढं ठेवला, पहिली सही त्यांची म्हणून. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, माझी एक वेलांटी दुरुस्त केली, सातावर काट मारून पाच लिहिलं, आणि सही केली.